पवईचे धुके आणि शिवडीचे धुके: वर्णनासाठी शब्द कसे निवडावेत

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही लिहीत असलेल्या कादंबरीत पाण्यावरच्या सकाळच्या धुक्याचे दोन प्रसंग आहेत. एकात नायिका डिसेंबरातल्या पहाटे पवई तलावाच्या काठाने चालते आणि दुसऱ्यात तिचे वडील शिवडीच्या धक्क्यावरून होडीने खाडीत जातात. दोन्ही ठिकाणी तुम्ही आधी ‘धुक्याची मऊ दुलई’ आणि ‘स्वप्नवत वातावरण’ असे लिहिले, ते तुम्हालाच शिळे वाटले, म्हणून तुम्ही धूसर, धुरकट, अंधुक, पुसट, फिकट, विरळ अशी यादी केली आणि यातला कोणता शब्द कुठे बसेल असे विचारले. शिवाय ‘धुके’ लिहावे की ‘धुकं’, हीही तुमची एक अडचण आहे.

मासिकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी आलेल्या कथा वाचणे आणि लेखकासोबत बसून त्या नीट करणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. धुक्याची वर्णने त्यात सतत येतात आणि बहुतेकांत एकच उणीव असते. लेखकाचा शब्दसाठा पुरेसा असतो, पण आपण कोणत्या धुक्याविषयी लिहीत आहोत हे त्याने ठरवलेले नसते. तुमच्या दोन प्रसंगांत दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडत आहेत आणि तुम्ही दोन्हींसाठी एकाच यादीतून विशेषणे शोधत आहात. त्या वेगळ्या केल्या की निम्मे शब्द आपोआप गळून पडतात. अर्थात कादंबरीचा काळ, निवेदन कोणाच्या तोंडून आहे आणि त्या प्रसंगाकडून तुम्हाला काय हवे आहे, यांवर बरेच काही अवलंबून आहे. तुम्ही ते सांगितलेले नाही, म्हणून पुढचे विवेचन कुठे लागू पडते आणि कुठे नाही हे तुम्हालाच पाहावे लागेल.

आधी पवई. हिवाळ्यात निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन लवकर निवते आणि तिच्यालगतची हवाही गार होते, पण तलावाचे पाणी दिवसाची ऊब बराच काळ धरून ठेवते. ही गार हवा उबदार पाण्यावर सरकते, पाण्यातून निघालेली वाफ तिच्यात मिसळते आणि लगेच तिचे सूक्ष्म थेंब होतात. घंगाळातल्या कढत पाण्यावर थंडीत जी वाफ दिसते, तिचीच ही सौम्य आणि विस्तीर्ण आवृत्ती आहे. म्हणजे हे धुके पाण्यातून वर येते, ते ठिकठिकाणी तुटक असते, त्याची उंची थोडी असते आणि वरचे थेंब कोरड्या हवेत मिसळून नाहीसे होत असताना खालून नवे तयार होत असतात. इथे दुलईची अडचण केवळ जुनेपणाची नाही. दुलईला जाडी असते, वजन असते आणि ती वरून पांघरली जाते. पवईच्या पाण्यावर यातले काहीच घडत नाही. उलट रात्रभर निवलेल्या एखाद्या खोलगट माळावर जे धुके साचते, ते सपाट, दाट आणि बसलेले असते आणि तिथे दुलई निदान खोटी तरी ठरत नाही.

माझा स्वतःचा क्रम असा आहे की मी विशेषणाआधी क्रियापद शोधतो. मराठीत आपण सहजपणे ‘धुके पडले’ म्हणतो, आणि ते जमिनीवरच्या धुक्याला शोभते. तलावावरच्या या धुक्याला मात्र निघणे, उठणे, वर येणे, तरंगणे, मोडणे, विरणे ही क्रियापदे हवीत. ‘दाटणे’ इथे जपून वापरावे, कारण त्यात साचत जाण्याचा भाव आहे. जाण्याची क्रियापदे तर याहून नेमकी आहेत. ‘विरणे’ म्हणजे पातळ होत होत नाहीसे होणे. ‘पांगणे’ म्हणजे एकत्र असलेल्याचे तुकडे होऊन ते वेगवेगळ्या दिशांना जाणे, म्हणून त्यात थोडा वारा गृहीत आहे. ‘ओसरणे’ पुराला, गर्दीला आणि तापाला लागू पडते. त्यात आधी भर होती आणि आता उतार आहे असे सूचित होते, म्हणून रस्ता अडवणाऱ्या दाट धुक्याला ते चांगले. ‘निवळणे’मध्ये गढूळ काही तरी खाली बसते आणि वरचे स्वच्छ होते. पवईच्या प्रसंगाचा शेवट ‘धुके ओसरले’ असा केलात तर वाचकाच्या मनात तुम्ही न लिहिलेले दाट धुके उभे राहील, आणि ‘विरले’ लिहिलेत तर तुम्ही दाखवलेल्या बारीक धारांशी ते जुळेल. फरक लहान आहे, पण सगळे वर्णन त्यावर तोललेले असते.

आता शिवडी. तिथे तुम्ही धुके म्हणून जे पाहिले असेल, त्यातला मोठा भाग बहुधा धुके नव्हताच. हवामानशास्त्रात जमिनीलगतच्या थेंबांमुळे १ किलोमीटरपेक्षा कमी अंतरावरचेच दिसू लागले तर त्याला धुके म्हणतात. खाडीकाठच्या हिवाळी सकाळी हवेत धूर आणि धूळ यांचा वाटा मोठा असतो. रात्री जमिनीकडून पाण्याकडे वाहणारे मतलई वारे मंद असतात, खाली गार हवा आणि वर तुलनेने उबदार हवा असा उलटा थर बसतो, आणि शहराचा, वाहनांचा, माहुल-ट्रॉम्बेकडच्या धुराड्यांचा धूर त्या झाकणाखाली अडकून राहतो. पवईचे धुके ऊन चढू लागले की फार काळ टिकत नाही. हा धुरकटपणा मात्र सूर्य उगवला म्हणून जात नाही. जमीन तापून हवा वरखाली ढवळली गेली आणि पश्चिमेकडून खारे वारे सुटले की मग तो कमी होतो, म्हणजे सकाळ बरीच उलटलेली असते. तुमच्या प्रसंगात वडील उजाडताना निघून ऊन चढल्यावर परतत असतील, तर धुके केव्हाच गेलेले असे लिहू नका, परततानाही समोरचे शहर मळकट दिसू द्या. खाडीवर खरे धुके कधी पडतच नाही असे मी म्हणणार नाही. कडक थंडीच्या, वारा पडलेल्या पहाटे ते पडते. पण जानेवारीत सांताक्रूझचे सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास असणाऱ्या शहरात तो दिवस नेहमीचा नसतो, आणि नेहमीचा नाही म्हणूनच तो कादंबरीत विशेष म्हणून यायला हवा.

या दोन्हींत फरक करण्याची सोपी कसोटी अंगाशी निगडित आहे आणि लेखकाला ती फार उपयोगी पडते. खरे धुके ओले असते. कठड्यावर हात ठेवला तर तळवा ओला होतो, चष्म्याच्या काचा पुसाव्या लागतात, पापण्यांना आणि कपाळावरच्या केसांना बारीक दव लागते. धुरकट हवा कोरडी असते, ती घशाला लागते, डोळ्यांना चुरचुरते आणि तिला वास असतो. शिवडीला त्यात ओहोटीच्या चिखलाचा आणि खाऱ्या पाण्याचा वास मिसळतो. तुमची नायिका ओढणीने चष्मा पुसते आणि तिचे वडील घसा खाकरतात, एवढे लिहिले तरी दोन सकाळी वेगळ्या झाल्या, आणि अजून एकही विशेषण खर्च झालेले नाही.

रंगाचेही असेच आहे. धुक्याचे थेंब साधारणपणे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे असतात. आपल्याला हे सूक्ष्म वाटले तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तुलनेत ते पुष्कळ मोठे आहेत, त्यामुळे ते सर्व रंग सारख्याच प्रमाणात विखुरतात आणि धुके पांढरे किंवा राखाडी दिसते. धुराचे बारीक कण निळा प्रकाश अधिक विखुरतात. म्हणून गडद डोंगरासमोर धुराचा पट्टा निळसर दिसतो, आणि त्याच धुरातून उगवता सूर्य पाहिला तर तो तांबूस किंवा पितळी दिसतो. ‘दुधट’, ‘पांढुरके’ हे शब्द पवईला चालतील. शिवडीला ‘मातकट’, ‘पिवळट’, ‘तांबूस’ अधिक खरे आहेत. ‘निळे धुके’ कवितेत गोड वाटते, पण गद्यात ते आले की वाचकाला धुराचा संशय यावा अशी माझी अपेक्षा असते.

याला जोडून एक गोष्ट लेखक हमखास विसरतात, ती म्हणजे पाहणाऱ्याच्या कोणत्या बाजूला सूर्य आहे. धुक्याचे थेंब प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने फेकतात, म्हणून सूर्य समोर असताना धुके उजळून निघते आणि सूर्य पाठीशी असताना तेच धुके फिके आणि साधे वाटते. पवईच्या रस्त्याकडच्या काठावर उभे राहून उत्तरेला, विहारच्या डोंगरांकडे पाहिले तर डिसेंबरातला सूर्य उजवीकडून आणि थोडा पाठीमागून येतो, कारण त्या दिवसांत तो आग्नेयेला उगवतो. त्या दिशेला धुके झळाळणार नाही. नायिका चालता चालता पूर्वेकडे वळली, की तेच धुके तिच्यासमोर उजळेल. हा बदल तुमच्या प्रसंगाला फुकट मिळालेली हालचाल आहे, ती सोडू नका. शिवडीला याच्या उलट आहे. धक्का पूर्वेकडे तोंड करून आहे, सकाळी सूर्य समोर असतो, त्यामुळे होड्या, जहाजे, माणसे सगळी काळ्या आकृती होतात. तिथे चेहऱ्याचे तपशील लिहू लागलात तर चित्र बिघडते.

तुमच्या यादीतले शब्द आता पाहू. ‘अंधुक’ हा शब्द उजेडाच्या किंवा नजरेच्या कमतरतेचा आहे. तांबडे फुटण्याआधी तो योग्य, लख्ख उजाडल्यावर धुक्यासाठी तो चुकीचा, कारण धुक्यात उजेड भरपूर असू शकतो आणि तरीही काही दिसत नाही. ‘पुसट’ म्हणजे आधी ठळक असलेली खूण पुसली गेलेली, म्हणून तो रेषेला, अक्षराला, काठाला लावावा. ‘पलीकडचा काठ पुसट झाला होता’ हे वाक्य उभे राहते, ‘पुसट धुके’ राहत नाही. ‘धुरकट’मध्ये धूर आहे आणि तो वाचकाला ऐकू येतोच, तेव्हा तो शिवडीसाठी राखून ठेवा आणि पवईत एकदाही वापरू नका. ‘धूसर’ हा धुळीच्या, करड्या रंगाचा शब्द आहे, पण आता तो इतका सैल वापरला जातो की आठवणी, भविष्य, शक्यता सगळेच धूसर असते. कादंबरीत तो एकदाच यावा आणि शक्यतो खऱ्या रंगासाठी यावा. ‘विरळ’ पवईला चांगला आहे, कारण त्यात तुटकपणा आहे. ‘फिकट’ मी रंगाच्या नावासोबतच वापरतो. एकटा ‘फिकट’ काही सांगत नाही.

पण एवढे करूनही, धुक्याचे सर्वांत चांगले वर्णन धुक्याच्या शब्दांत होत नाही, ते धुक्यामागच्या वस्तूंच्या शब्दांत होते, असा माझा ठाम अनुभव आहे. अंतर वाढते तसा वस्तू आणि पार्श्वभूमी यांतला फरक कमी होत जातो. आधी दूरचे जाते, मग मधले, आणि जवळचे तेवढे ठळक उरते. म्हणून कोणती वस्तू दिसते, कोणती अर्धी दिसते आणि कोणती असूनही दिसत नाही, या क्रमाने लिहिले की धुके न सांगता दिसते. त्यासाठी त्या जागी त्या काळात काय होते हे ठाऊक हवे. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, तेव्हा पलीकडचे डोंगर कोणत्याही काळात चालतील. पण पवईच्या आयआयटीची स्थापना १९५८ ची आहे आणि हिरानंदानीचे मनोरे त्याच्याही पुष्कळ नंतरचे. शिवडीहून समोर जाणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. वडिलांचा प्रसंग १९९० च्या सुमाराचा असेल, तर धुक्यात हरवायला तिथे पूल नाही, नांगरलेली जहाजे आहेत. फ्लेमिंगो त्या दलदलीवर येऊ लागले होते की नाही हेही तुमचे साल पाहूनच ठरवा.

तुमचे मूळ वाक्य असे होते: ‘पवई तलावावर धुक्याची मऊ दुलई पसरली होती आणि सारे वातावरण स्वप्नवत झाले होते.’ मी ते असे बदलून पाहीन:

‘पलीकडचे डोंगर अजून उमटले नव्हते. पाण्यातून धुक्याच्या विरळ धारा निघत होत्या, कमरेइतक्या उंचीवर तिरक्या होत होत्या आणि तिथेच मोडत होत्या. एक पाणकावळा पाण्यालगत उडत आला, मधेच दिसेनासा झाला आणि थोडे पुढे, हातभर वर, पुन्हा दिसला. तिने चष्मा काढून ओढणीला पुसला.’

यात ‘धुके’ हा शब्द एकदाच आहे. ‘उमटणे’ हे क्रियापद डोंगरांना दिले, कारण ते हळूहळू दिसू लागणार आहेत हे त्यातून आधीच कळते. पाणकावळ्यामुळे धुक्याची उंची समजते. धुके पाण्यालगतच आहे आणि त्याच्या वर हवा स्वच्छ आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. चष्म्यामुळे ओलावा कळतो. ‘मऊ’ मी काढले, कारण धुक्याला कोणी हात लावून पाहिलेला नाही, आणि ‘स्वप्नवत’ काढले, कारण ते लेखकाचे मत आहे आणि नायिकेला तसे वाटले असेल तर ते तिच्या वागण्यातून यायला हवे.

शिवडीसाठी मी लिहीन ते साधारण असे:

‘सूर्य वर आला होता, पण त्याच्याकडे अजून उघड्या डोळ्यांनी बघता येत होते. जवळच्या होड्या काळ्या, त्यांच्यामागचा बार्ज राखाडी, आणि त्याच्याही मागे काही तरी मोठे उभे होते एवढेच कळत होते. ओहोटी लागलेली होती. चिखलावरून कोणी तरी हाक मारली, ती अगदी कानाशी आल्यासारखी स्पष्ट ऐकू आली, पण माणूस दिसला नाही.’

हाकेचा तपशील सजावटीसाठी नाही. खाली गार आणि वर उबदार असा हवेचा थर असतो तेव्हा आवाज वर निघून जाण्याऐवजी पुन्हा खाली वळतो आणि शांत पाण्यावरून दूरपर्यंत पोहोचतो. त्यामुळे अशा सकाळी दूरच्या वल्ह्याचा, इंजिनाचा, माणसांच्या बोलण्याचा आवाज जवळचा वाटतो. ज्या लेखकांना धुक्यात ‘नीरव शांतता’ लिहिण्याची सवय आहे, त्यांना मी हे नेहमी सांगतो. मुंबईच्या पाण्यावर पहाटे नीरव शांतता नसते आणि धुके ती निर्माण करत नाही. भरती-ओहोटीही पंचांग किंवा भरतीचे तक्ते पाहून लिहा. तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे सोमवारी पहाटे भरती दाखवली आणि त्याच आठवड्यात शनिवारी त्याच वेळी पुन्हा भरती दाखवली, तर खाडीवर राहणारा वाचक तिथेच थांबेल.

वेळेच्या शब्दांकडेही लक्ष द्या, कारण हे धुके मिनिटागणिक बदलते. झुंजूमुंजू, तांबडे फुटणे, फटफटणे, उजाडणे, ऊन चढणे हे मराठीतले टप्पे एकामागून एक येतात आणि प्रत्येकाला वेगळा उजेड आहे. झुंजूमुंजू असताना धुक्याला रंग नसतो, तांबडे फुटल्यावर त्याची वरची कड आधी रंगते, आणि उजाडल्यावर ते पांढरे होते. तुम्ही सगळ्यासाठी ‘पहाट’ वापरली आहे. त्याऐवजी प्रसंगाच्या सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरा शब्द ठेवला, तर वेळ पुढे सरकल्याचे वेगळे लिहावे लागणार नाही. ‘कासराभर दिवस वर आला’ ही फार सुंदर लकब आहे, पण कासरा हाताळलेल्या माणसाच्या तोंडीच ती शोभेल. भांडुपला वाढलेल्या तुमच्या नायिकेच्या मनात ती घालू नका.

वर्णन किती लांब असावे याचे उत्तर प्रसंगावर आहे. नायिका केवळ चालत असेल, तर तीन-चार वाक्ये पुरेत. वडिलांच्या प्रसंगात मात्र न दिसणे हा धोका आहे. समोरून येणारी लाँच दिसत नाही, जाळ्याची खूण सापडत नाही, किनारा कुठल्या बाजूला हे आवाजावरून ठरवावे लागते. तिथे वर्णन एका परिच्छेदात उरकू नका, ते प्रत्येक कृतीत थोडे थोडे येऊ द्या. होडीतला माणूस धुक्याकडे पाहत नाही, तो त्याच्यातून काही दिसते का ते पाहतो, आणि त्याच्या तोंडी ‘धूसर’ कधीच येणार नाही. तो ‘पुढचं काय दिसत नाय’ एवढेच म्हणेल.

यातूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर निघते. निवेदन प्रमाण लेखी भाषेत असेल, तर त्यात सर्वत्र ‘धुके’, ‘पाणी आले’, ‘डोंगर दिसू लागले’ असेच ठेवा आणि संवादांत ‘धुकं’ लिहा. निवेदन नायिकेच्या बोलण्याच्या सुरात असेल, तर तिथेही ‘धुकं’ चालेल, पण मग ‘केलं’, ‘गेलं’, ‘दिसलं’ ही रूपेही शेवटपर्यंत तशीच ठेवावी लागतील. तुम्ही पाठवलेल्या दोन पानांत ‘धुके’ आणि ‘दिसलं’ एकाच वाक्यात आले आहेत, तेवढे आधी दुरुस्त करा.